तुलनेचं वासरू

श्रावणात गुऱ्हाळं बंद असतात. ऊस रानात वाढत असतो, चुलवाण गार पडलेलं असतं आणि रस आटवायची काहील भिंतीला पालथी टेकवून ठेवलेली असते. म्हणून त्या सकाळी सतरा नंबरच्या वासराखालचा ओला भुस्सा काढताना ताज्या काकवीचा वास आला, तेव्हा मालन खोचरे आधी स्वतःवरच वैतागली. नवरा गुळव्या, तीस वर्षं त्याचे कपडे धुतलेले. वास डोक्यातच मुरला असणार. तिनं अंगातला संशोधन केंद्राचा निळा डगला हुंगून पाहिला. त्याला जंतुनाशकाचा वास होता. मग तिनं मूठभर भुस्साच उचलून नाकाशी धरला.

होतं वासराचं मूत, पण वास थेट काहिलीतून उतरवलेल्या काकवीचा.

"मॅडम," तिनं काचेपलीकडे बसलेल्या डॉक्टर मेधा शिरगुप्पे यांना हाक मारली, "ह्याच्या खाण्यात कुणी गोड टाकलंय का?"

मॅडम उठून लगबगीनं आल्या, खाली वाकल्या, त्यांनी खोल श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आणि दुःख एकदमच आलं. शास्त्रज्ञ लोकांना ते जमतं, हे आठ वर्षांच्या नोकरीत मालनला कळून चुकलं होतं.

"जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी," मॅडम म्हणाल्या. "अगदी माणसाच्या बाळासारखं. मालनताई, हाच तो आजार."

वारणेच्या काठी, चारी बाजूंनी ऊस असलेल्या त्या केंद्रात आनुवंशिक आजारांवर काम चालायचं. मालन तिथली जनावरं सांभाळायची. दहावी तिनं मुलगा हर्षद दहावीला होता त्याच वर्षी बाहेरून दिली आणि त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त काढले. त्याचा राग त्याला अजून होता. केंद्रात मिळालेल्या माहितीपुस्तिका बाकीच्यांनी खिडक्यांच्या फटीत घातल्या. मालननं त्या तीन-तीनदा वाचल्या होत्या. त्यामुळे आजार तिला कागदावर ठाऊक होता.

आजाराला नाव साहेबांच्या मुलखातल्या कुठल्याशा झाडाच्या पाकावरून पडलेलं. ते झाड वारणेच्या खोऱ्यात कुणी पाहिलेलं नाही. शोध इकडे लागला असता तर त्याला काकवीचा आजार म्हटलं असतं. पण इकडे तो लागलाच नसता, कारण वर्षाचे सहा महिने इथे माणसांना, कपड्यांना, देवाच्या मूर्तीलासुद्धा तोच वास येतो.

आजाराचं असं. दुधात, डाळीत, अंड्यात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे निरनिराळ्या मण्यांची माळ. पोटात गेली की मणी सुटे होतात. वीसेक जातींपैकी तीन जातींचे मणी फोडायला शरीरात एक खास अडकित्ता असतो. तो कसा घडवायचा ह्याची कृती आपल्याला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत चुकीची असली तरी दुसरीवर काम भागतं आणि माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. दोन्ही चुकीच्या आल्या की अडकित्ता घडतच नाही. न फुटलेले मणी रक्तात साठतात, मेंदूला बाधतात. बाळ दोन-तीन दिवस ठणठणीत असतं. मग दूध ओढेनासं होतं, मग पेंगतं, मग ताठतं. म्हणजे आईचं दूधच बाधतं.

उंदरांत हे दुरुस्त करून झालं होतं. पण उंदराचं अख्खं यकृत दोन शेंगदाण्यांएवढं, आणि आयुष्य दोन वर्षांचं. तिथे पुरलेला डोस बाळाला किती लागेल, बाळाच्या मेंदूला वेळेत पोचेल का, हे उंदीर सांगू शकत नाही. वासरू सांगू शकतं. ते दुधावर वाढतं, अंगानं मोठं असतं, मेंदूही जन्मतानाच बराचसा घडलेला असतो. परदेशातल्या काही गाईंमध्ये हा दोष आपोआप सापडलेला होता. केंद्रानं आपल्या संकरित गाईंच्या गर्भांत तीच एका अक्षराची चूक मुद्दाम केली आणि एका आठवड्यात तीन वासरं जन्मली. पंधरा, सोळा आणि सतरा. त्यांतल्या दोघांना पहिल्याच दिवशी शिरेतून औषध गेलं: आतला विखार काढून टाकलेला विषाणू, त्याच्या पोटात बरोबर कृतीची प्रत. तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं, हे सांभाळणाऱ्यांना कळू द्यायचं नाही असा नियम होता. नियम करणाऱ्यांनी मालनचं नाक हिशेबात धरलं नव्हतं.

"म्हणजे ह्याला पाणी दिलं," ती म्हणाली.

"मी काही बोलले नाही," मॅडम म्हणाल्या. "पण एक लक्षात घ्या. तुलनेचं वासरू नसेल तर बाकीची औषधानं जगली की आपोआप जगली, हे कळणार कसं? ह्याला तळमळू देणार नाही आपण. उठायचं थांबलं की शांतपणे झोपवू."

मालननं मान डोलावली. नळाशी गेली आणि स्वच्छ हात पुन्हा पुन्हा धूत राहिली.

एकोणतीस वर्षांपूर्वी, पौषात, तिला पहिली मुलगी झाली होती. गुऱ्हाळ भरात होतं आणि खोचऱ्यांचा संसार हंगामापुरता तिथेच शेजारच्या खोलीत. भेटायला आलेल्या बायका दुपट्याला नाक लावून म्हणायच्या, "गुळव्याची लेक शोभती गं." पाचव्या दिवशी तिनं दूध सोडलं. बाराव्या दिवशी गेली. मालनची सासू ही तिची सख्खी आत्या. ती म्हणाली, "शामा काहिलीपास्नं उठून तसाच आला आणि पोरीला घेतलं. वाफ लागली." तेव्हापासून तिचा नवरा शामराव कुठल्याही लेकराजवळ डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय गेला नाही. हर्षद झाला तेव्हा पहिले सहा महिने त्यानं त्याला लांबूनच पाहिलं.

वास सगळ्यांनाच आला होता. फक्त हंगाम चुकीचा होता.

चौथ्या दिवशी सतरानं बादलीच्या रबरी आचळाला तोंड लावलं आणि सोडलं. त्याचे डोळे मालनकडे होते, की तिच्या मागच्या भिंतीकडे, ते कळत नव्हतं. मालननं विचार केला. दूध बाधतं म्हणतात, मग दूधच कशाला पाजायचं? गावात अशक्त वासराला तांदळाची पेज काकवी घालून देतात. ती दिल्यावर उभं न राहिलेलं वासरू तिनं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाच्या डब्याबरोबर दोन थर्मास आले.

केंद्रात सगळ्यावर यंत्रांचा डोळा होता. बादली स्वतःचं वजन स्वतः करायची, कॅमेरा वासराला बघायचा. पण धुण्याची मोरी खांबाआड होती. दूध मोरीत गेलं, त्याच मापाची पेज स्टीलच्या बादलीत आली. वासरानं ती ढोसली. पडद्यावर उमटलं: दूध, दोन लिटर, पूर्ण. यंत्राला वजन कळतं, चव कळत नाही.

दोन दिवसांत सतरा उभा राहिला. मालनला वाटलं, जिंकलो. मग थोडं दूध दिलं, पुन्हा पडला. पुन्हा पेज. असं नऊ दिवस तिनं दूध चुकवलं, आणि ज्या ज्या दिवशी चुकवलं त्या दिवशी घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला. गवळ्याचा खाडा मांडायची सवय हाताला होती, हात गेला. तेविसाव्या दिवशी, गौरी बसल्या त्या सकाळी, सतराला झटके सुरू झाले. मॅडमनी इंजेक्शन दिलं. मालननं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं.

पंधरा आणि सोळा अंगणात उड्या मारत होती.

दिवाळीच्या तोंडावर मॅडमनी सगळ्यांना बसवून सांगितलं: परीक्षण समितीनं प्रयोग मानला नाही. औषधाविना वासरू सहा-सात दिवसांत जायला हवं, ते तेवीस दिवस जगलं. मधे औषध नसतानाही रक्त सुधारलं. त्या अर्थी आपण घडवलेला आजारच सौम्य असणार, आणि मग पंधरा-सोळाचं जगणं औषधामुळेच कशावरून? नवी वासरं, नवं वर्ष. माघात सुरू होणारी बाळांवरची चाचणी पुढे ढकलली.

मालननं ऐकलं आणि गप्प बसली. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कुठल्या तरी गावाच्या, न पाहिलेल्या बाळांसाठी वाटावं तेवढंच.

त्यानंतर चौथ्या दिवशी शर्वरी तिच्यापुढे फोन घेऊन उभी राहिली.

शर्वरी मालनची सून आणि तिच्या भावाची मुलगी. उसावर फवारणीचे ड्रोन उडवायची, बोलायला फटकळ. लहानपणापासून 'आत्ती, तू' म्हणायची; लग्नानंतर चारचौघांत 'तुम्ही' आलं, घरात 'तू' राहिलं. पोरं एकमेकांना मनातून आवडत होतीच, पण भावानं पुण्याचं एक स्थळ आणलं तेव्हा मालन दोन दिवस जेवली नव्हती. "माझ्या भावाची पोर परक्याच्या उंबऱ्यात? मी काय मेले?" असं म्हणून तिनं तिला आणली होती. शर्वरीला आता सहावा सरत आला होता. आईच्या रक्ताच्या थेंबातून बाळाची अख्खी पत्रिका वाचणारी तपासणी आता तालुक्याच्या दवाखान्यातही होत असे.

"आत्ती, हे नाव वाच." तिनं फोन पुढे केला. "ह्याच आजाराची वासरं हायत न्हवं तुमच्याकडं?"

मालननं वाचलं. दोन्ही प्रती. मुलगी.

"माझ्यात एक आणि हर्षदमधे एक, म्हणली डॉक्टरीण. विचारत होती, जवळच्या नात्यात लग्न झालंय का, घरात पूर्वी कुठलं लेकरू गेलंय का. मी म्हणलं, एक नणंद होती, पण ती वाफ लागून गेली." शर्वरी सासूकडे बघत राहिली. "वाफ लागून गेली न्हवं, आत्ती?"

"न्हाई गं," मालन म्हणाली.

"तुला कधीपास्नं ठाऊक?"

"श्रावणापास्नं."

शर्वरीनं फोन घेतला, आत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मालन तशीच गुऱ्हाळावर गेली. हंगाम नुकता सुरू झाला होता. शामराव काहिलीशी उभा होता, पाक बोटांत धरून पाहत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं: वासरू, वास, दोन प्रती, सुनेचा रिपोर्ट. तो पाकाकडे बघतच ऐकत होता.

"म्हणजे वाफ न्हवं," शेवटी तो म्हणाला.

"न्हवं."

"आणि पोर तू घेतलीस काय, मी घेतली काय, एकच होतं."

"एकच होतं."

त्यानं मान हलवली आणि डोक्याचा रुमाल सोडून तोंडावर धरला. त्या दिवशी तीस वर्षांत पहिल्यांदा त्याची काहील करपली. मजूर ओरडत धावले तरी तो तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी मालन कॅलेंडर गुंडाळून काखेत घेऊन केंद्रात गेली.

"मॅडम, सतराला मी दूध दिलं नव्हतं. नऊ दिवस."

मॅडमनी हातातलं काम थांबवलं. "मग काय दिलंत?"

"तांदळाची पेज. काकवी घालून. थर्मासमधनं आणायची."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. दूध बाधतं म्हणाला होता तुम्ही."

"दवाखान्यात हेच करतात, मालनताई. प्रथिनं बंद, साखर चालू. उपास पडला की शरीर स्वतःचंच मांस मोडतं, तेच मणी पुन्हा सुटतात. साखर मिळाली की मोडणं थांबतं. अख्खी समिती दीड महिना डोकं खाजवत होती की ह्याचं रक्त सुधारतंय कसं. आणि तुम्ही थर्मास घेऊन यायचात." मॅडमचा आवाज चढला नाही, बारीक झाला. "वाचवलं नाहीत तुम्ही त्याला. सहाव्या दिवशी सुटला असता, तो तेवीस दिवस मरत राहिला. आणि मीही ते बघत राहिले, कारण दहा वाजता मी यायचे तेव्हा तो उभा असायचा."

मालननं कॅलेंडर उलगडून टेबलावर ठेवलं.

"हे आज का सांगताय?"

"सुनेचा रिपोर्ट आलाय. पोटातल्या मुलीला तोच आजार हाय."

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. "म्हणजे रिपोर्ट आला नसता तर सांगितलं नसतंत."

"नसतं," मालन म्हणाली.

समितीपुढे तिला तीनदा बसवलं. पडद्यावर सहा चेहरे. हल्ली कागद यंत्रं वाचतात, एका दुपारी हजार पानं. सही करायला मात्र माणसं लागतात आणि माणसांना पूर्वीइतकेच दिवस लागतात. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, नियम माहीत असताना असं का केलं.

"त्याला भूक लागली होती," मालन म्हणाली.

दुसऱ्यांनी विचारलं, ह्या कॅलेंडरवर भरवसा कसा ठेवायचा, हे गोल तुम्ही काल रात्रीही केले असतील. त्याला उत्तर मॅडमनी दिलं. सतराच्या रक्ताचे नमुने गोठवून ठेवलेले होते. प्रथिनं पोटात गेली की रक्तात युरिया वाढतो, गेली नाहीत की उतरतो. तो तपासायचा तेव्हा कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आता तपासला. नऊ गोल, नऊ उतार, तारखेला तारीख. पेजेचे दिवस वगळून हिशेब मांडला तेव्हा सतराचा आजार चांगलाच जहाल निघाला, आणि पंधरा-सोळाला औषधानंच तारलं हे समितीनं मान्य केलं. तरी मेंदू बघायचाच होता. त्यासाठी सोळाला झोपवलं. त्या दिवशी मालन केंद्रात नव्हती. तिला जनावरांच्या आवारात पाऊल टाकायची बंदी झाली होती, आणि नंतर नोकरीच गेली. मॅडमचा एक ओळीचा निरोप आला: मेंदू स्वच्छ होता.

शर्वरी ह्या दिवसांत सासूशी कामापुरतं बोलायची. "डाळ शिजली." "हर्षदचा फोन होता." भाचीचा अबोला आणि सुनेचा अबोला हे दोन वेगळे अबोले असतात. मालनच्या वाट्याला दोन्ही एकदम आले होते.

माघात मुलगी झाली. आजार आधीच ठाऊक असल्यामुळे पहिल्या तासापासून तिला ते तीन मणी वगळून केलेली पावडर सुरू झाली, आणि वाढीपुरतं, मोजून, आईचं काढलेलं दूध. पावडरीवर मूल जगतं. पण तारेवरून चालल्यासारखं. एक ताप, एक उलटी, की खाली खोल. औषध मिळालं तर तार संपते.

अडलेली चाचणी सुरू झाली आणि तीत बारा बाळं घेतली. सहाजणांना औषध लगेच, सहाजणांना एक वर्षानं. कुणाला कधी, ते संगणक चिठ्ठ्या टाकून ठरवणार. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पडदा त्यांच्याकडे वळवला तेव्हा मालन मागे उभी होती. तिला इंग्रजी सावकाश वाचता यायचं. हे तिनं एका झटक्यात वाचलं.

"दुसरा गट," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे तुलनेसाठी. काळजी करू नका, देखरेख दोन्ही गटांना सारखीच असते."

शर्वरीनं चार महिन्यांत पहिल्यांदा वळून सासूकडे सरळ पाहिलं.

घरी आल्यावर कामं वाटली गेली. हर्षद पावडर मापायचा, शामराव गरम पाणी आणून द्यायचा, वही मालनकडे. किती दिलं, किती प्यायली, किती बाहेर काढलं, सगळं मिलिलिटरमधे. आठवड्यातून दोनदा टाचेतून एक थेंब. छोट्या यंत्रात आकडा उमटायचा आणि आपोआप दवाखान्यात पोचायचा. आकड्याला एक मर्यादा होती. तीनदा मर्यादा ओलांडली तर दुसऱ्या गटातल्या बाळालाही औषध ताबडतोब द्यायचं, असं अटींमधे सातव्या पानावर लिहिलं होतं. सातवं पान घरातल्या सगळ्यांनी वाचलं होतं. लसीच्या तापात एकदा ओलांडली गेली.

चैत्रातली एक दुपार. हर्षद आणि शामराव रानात होते. मालन वाळलेली दुपटी घेऊन आत आली, तर शर्वरी भिंतीला टेकून बसलेली आणि पोरगी अंगावर पीत होती. थेट. घटाघटा. मूठ आईच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांत अडकलेली, डोळे अर्धे मिटलेले. इतकं शहाण्यासारखं पिताना मालननं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"शरू, काढ तिला."

"काढते." पण तिनं काढलं नाही. "दोनदाच ओलांडायची राहिलीय, आत्ती. मग त्यांना द्यावंच लागतंय. त्यांच्याच कागदात हाय."

"आणि त्या दोन खेपांत तिच्या डोक्यात काय होईल ते कुठल्या कागदात हाय?"

"थोडंच पाजीन. मोजून."

"मी पण मोजूनच केलं होतं."

"तू वासरासाठी केलंस." शर्वरीचा आवाज फाटला. "एका जनावरासाठी साऱ्या डॉक्टरांना फसवलंस. आणि नातीसाठी कायदा शिकवतीस?"

मालन दुपटी मांडीवर घेऊन समोर बसली. एक दुपटं घडी केलं, उलगडलं.

"त्याचं शेवटचं कुणाला सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मॅडमना पण न्हाई. पंधरवड्यानंतर त्याला दिसायचं बंद झालं होतं. माझ्या पायांचा आवाज आला की उठायचा. खांबावर आपटायचा, पडायचा, परत उठायचा. मला वाटायचं, बघा, माझ्यासाठी उठतंय. मी बादली पुढं करायची आणि त्याच्या वाट्याला यायचे ते हाल माझ्या हातानं एकेक दिवस वाढवायची. आणि घरी येऊन गोल करायची, की आज पण जगवला." तिनं दुपटं खाली ठेवलं. "मी दुसऱ्या कुणाची मरायची वेळ ठरवायला बसले, आणि मला वाटत होतं मी माया करतीय."

"हिचं तसं न्हाई. हिला औषध मिळेल."

"मिळेल. पण वर नेलेला आकडा आपल्याला पाहिजे तिथंच थांबंल, हे कोण सांगणार? मॅडमना पण सांगता येत न्हाई." तिनं दुसरं दुपटं उचललं. "आणि त्या सहा पोरांना औषध लागू पडलं का न्हाई, हे हिच्याकडं बघून ठरणार हाय. हिचा आकडा खोटा तर त्यांचा पण खोटा. मी एकदा केलंय ते. त्यात चाचणीच बुडत होती, आणि तिच्यासंगं ही पण."

"पण हिनंच का?" शर्वरी म्हणाली. "बारा पोरं होती. हिनंच का तुलना व्हायचं?"

मालननं आठ वर्षांच्या पुस्तिका, मॅडमची वाक्यं, सगळं आठवून पाहिलं.

"माहीत न्हाई, बाई," ती म्हणाली.

बाहेर कुणाचा तरी ड्रोन उसावरून घरघरत गेला. शर्वरीनं करंगळी बाळाच्या ओठांत सरकवली आणि तिला अंगावरून सोडवलं. पोरगी क्षणभर अवाक झाली, मग तिनं घर डोक्यावर घेतलं. शर्वरी तिला खांद्यावर टाकून थोपटत राहिली; तिच्या ब्लाउजवर दुधाचा डाग पसरत होता आणि तिकडे दोघींनीही पाहिलं नाही.

मालननं फळीवरची वही घेतली, पेन घेतलं, वेळ लिहिली.

"किती वेळ पीत होती?"

शर्वरी भिंतीकडे बघत होती. "चार मिनटं."

मालननं लिहिलं: आईच्या अंगावर, थेट, चार मिनिटं. काढलेलं दूध नाही. मग तिनं दवाखान्याचा नंबर लावायला फोन उचलला. कळवायला हवं होतं, पुढची पावडर किती द्यायची ते विचारायला हवं होतं. पलीकडे घंटी वाजत होती.

"आत्ती," शर्वरी म्हणाली. "सहा लिही. सहा मिनटं."

वहीत खाडाखोड कशी करायची, ते मालनला केंद्रातच शिकवलं होतं. जुना आकडा गिरवून झाकायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि ज्यानं बदललं त्यानं शेजारी सही करायची. तिनं चारवर एक रेघ मारली, पुढे सहा लिहिलं आणि वही शर्वरीच्या गुडघ्यावर ठेवली.

शर्वरीनं रडणारी पोरगी डाव्या खांद्यावर घेतली, उजवा हात मोकळा केला आणि सही केली.